एका फांदीवरची दोन वर्षं

नोव्हेंबरात नैऋत्य आयर्लंडमधल्या किलार्नीच्या तळ्यांकाठी हिंडताना एक झाड बाकीच्या रानाशी फटकून वागताना दिसतं. ओकची पानं तांबूस होऊन गळायला लागलेली असतात, बर्च उघडे पडलेले असतात, डोंगरउतारांवरचं नेचं करपून आडवं झालेलं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाभराने मागे घेतलेली, त्यामुळे पाच-सव्वापाचलाच अंधारून येतं. अशा दिवसांत पाण्यालगतच्या खडकांवर हे झाड हिरवंगार उभं असतं. डहाळ्यांच्या टोकांना तोंड खाली केलेल्या, मडक्याच्या आकाराच्या पांढुरक्या फुलांचे घोस आणि त्याच डहाळ्यांवर जराशी खाली पिवळी, नारिंगी, लालभडक गोल फळं. ही फळं यंदाच्या फुलांची नव्हेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास उमललेल्या फुलांना धरलेली ही फळं वर्षभर फांदीवर राहून आता पिकली आहेत, आणि शेजारची फुलं पुढच्या दिवाळीची तयारी करत आहेत.

आर्ब्युटस उनेडो हे त्याचं शास्त्रीय नाव. नर्सरीत त्याला स्ट्रॉबेरी ट्री म्हणतात, आयरिश भाषेत काहन्या. स्ट्रॉबेरीशी त्याचं नातं फळाच्या रंगापुरतंच. त्याचं खरं गोत आहे हेदर, अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांचं. उत्तराखंडात फिरायला गेल्यावर ज्याचं लाल सरबत आपण प्यायलेलो असतो, तो बुरांश याच्याच कुळातला. फूल आणि फळ एकाच वेळी अंगावर बाळगायची रीत मात्र आपल्या बेलाला ठाऊक आहे. बेलाचं फळही पिकायला दहा-अकरा महिने घेतं, त्यामुळे उन्हाळ्यात नवी फुलं येतात तेव्हा काही जुनी फळं अजून झाडावरच असतात. फरक ऋतूचा आहे. बेल हे ऐन उन्हाळ्यात करतो. आर्ब्युटस हिवाळ्याच्या तोंडावर, बाकीच्या झाडांनी आवरतं घेतल्यावर.

मी आयर्लंडमधल्याच कॉर्कमध्ये राहते. परसात एक आर्ब्युटस लावलेला आहे. त्याचा फोटो पाठवला तेव्हा कोल्हापूरहून आत्याचा लगेच फोन आला.

“अगं, ही फळं खातात का?”

“खातात की.”

“मग तू लिहिलंयस शोभेचं झाड. खातात तर शोभेचं कसं?”

आत्याचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इथल्या बागकामाच्या पुस्तकांत आणि नर्सरींच्या याद्यांत आर्ब्युटस नेहमी शोभेच्या झाडांत असतो. सफरचंद, नासपती, आलुबुखार यांच्या पानावर तो कधी सापडत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने बागेत खात्रीने चांगल्या वाढणाऱ्या झाडांसाठीचं आपलं मानचिन्ह त्याला दिलेलं आहे, तेही शोभेचं झाड म्हणूनच. या वर्गवारीमुळे झाडावर अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. जे झाड वर्षातल्या सगळ्यांत रिकाम्या दोन महिन्यांत पाखरांना फळ आणि माश्यांना मध देतं, ज्याच्या फळांवर पोर्तुगालमधल्या डोंगरी गावांत घरं चालली आहेत, त्याला नुसतं बघायचं झाड म्हणणं पटत नाही.

फळाच्या चवीबद्दल आधी सांगून टाकते, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. फळ साधारण दोन सेंटिमीटर व्यासाचं. वरून बारीक टोकदार दाण्यांनी खरबरीत, आतून पिवळट आणि मऊ. लाल दिसलं म्हणून तोडून तोंडात टाकलं तर पिठूळ आणि बेचव लागतं. पूर्ण पिकलेलं फळ बोट लावताच देठापासून सुटतं. त्याला गोडी असते, थोडा जर्दाळूसारखा वास असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो आणि दाताखाली बारीक रवा येतो. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच या फळाला कमी लेखून ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांनी तेच मत चालवलं. पण प्लिनी जेवणाच्या मेजावरच्या फळाबद्दल बोलत होता. शिजवलं, गाळलं, आंबवलं की हे फळ निराळं होतं.

दक्षिण पोर्तुगालमधल्या मोन्शिकच्या डोंगरांत ऑक्टोबर ते डिसेंबर ही फळं हाताने वेचतात. एकाच झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. गोळा केलेली फळं पिंपांत काही आठवडे आंबत ठेवतात आणि मग तांब्याच्या भट्टीत त्यांची मेद्रोन्यू नावाची कडक दारू गाळतात. सार्डिनियात याच्या फुलांपासून कडू मध मिळतो. फुलं थंडी-पावसाच्या दिवसांत येतात, तेव्हा मधमाश्यांना बाहेर पडायला थोडेच दिवस मिळतात. त्यामुळे तो मध कमी आणि महाग. माद्रिदच्या नगरचिन्हात एक अस्वल ज्या झाडाला टेकून उभं आहे ते हेच झाड, आणि पुएर्ता देल सोल चौकात त्या जोडीचं शिल्प १९६७ पासून आहे. इटलीत हिरवं पान, पांढरं फूल आणि लाल फळ एकाच फांदीवर पाहून लोकांना आपला तिरंगी ध्वज दिसतो. एवढ्या देशांनी ज्याला जवळ केलं त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राभोवती आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर. तिथे दोन शेपट्यांचं एक देखणं फुलपाखरू याच्या पानांवर अंडी घालतं. त्या फुलपाखराची प्रजाती कॅरॅक्सिस. आपल्याकडे चिंचेच्या पानांवर वाढणारा ब्लॅक राजा तिच्यातलाच.

मग भूमध्य समुद्राकाठचं हे झाड ढगाळ, ओल्या, थंड आयर्लंडमध्ये रानात कसं? याचं उत्तर शोधताना बागेत लावायचं कसं हेही समजतं, म्हणून किलार्नीला जायला हवं.

आयर्लंडमध्ये आर्ब्युटस रानटी अवस्थेत केरी, कॉर्क आणि स्लायगो या तीन परगण्यांतच सापडतो. स्लायगोतलं लॉक गिल तळं ही त्याची उत्तरेची हद्द. शेजारच्या ब्रिटनमध्ये तो मूळचा नाहीच. आयर्लंडमध्येही सगळ्यांत जास्त तो किलार्नीच्या तीन तळ्यांभोवती. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. १९३२ मध्ये मक्रॉस इस्टेट तिच्या मालकांनी देशाला भेट दिली आणि त्यातून आयर्लंडचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं.

आधी समजूत अशी होती, की हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी कमी असताना अटलांटिक किनाऱ्याच्या कडेकडेने हे झाड आपलं आपणच उत्तरेला सरकत आलं. आयर्लंडमध्ये आणि उत्तर स्पेनमध्ये आढळणाऱ्या, पण मधल्या इंग्लंडमध्ये न सापडणाऱ्या अशा बऱ्याच वनस्पती आहेत, आणि त्या सगळ्यांचं कोडं अभ्यासकांना जुनंच. २०२१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिशलीन शीही स्केफिंग्टन आणि निक स्कॉट यांनी वेगळा तर्क मांडला. किलार्नीतल्या लॉक लेन तळ्याच्या काठी रॉस आयलंड इथे तांब्याची खाण होती. पुरातत्त्वज्ञ विल्यम ओब्रायन यांच्या उत्खननानुसार ती इसवी सनापूर्वी सुमारे २४०० पासून चालू होती. वायव्य युरोपातली ती सर्वांत जुनी ज्ञात तांब्याची खाण. तांबं गाळायची विद्या घेऊन जे लोक दक्षिणेकडून इथे आले, त्यांनीच हे झाड सोबत आणलं असावं, असं या दोघांचं म्हणणं. आयर्लंडमधल्या या झाडांचं जनुकीय नातं स्पेनकडच्या झाडांशी जुळतं आणि त्याचे इथले पुरावे त्याच काळाच्या आसपास सुरू होतात, ही त्यांची बाजू.

हा वाद मिटलेला नाही. मला खाणकामगारांची बाजू पटते. रॉस किल्ल्यापासून चालत गेलं की त्या जुन्या खाणींच्या खळग्यांपर्यंत पायवाट जाते आणि वाटेत पाण्याच्या कडेला चुनखडीच्या खडकावर आर्ब्युटस दिसतात. माणसं घर सोडून लांब निघाली की बी-बियाणं बरोबर नेतात. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी घराच्या खिडकीतला कढीपत्ता त्याची साक्ष देईल. चार हजार वर्षांपूर्वी एखाद्याने हे फळ खाण्यासाठी आणलं असेल की दारूसाठी, ते आता कळायचं नाही. पण ते शोभेसाठी आणलं नसावं, एवढं म्हणायला हरकत नाही.

जुन्या आयरिश कायद्यातही या झाडाची नोंद आहे. आठव्या शतकातल्या शेजारधर्माच्या नियमांत अठ्ठावीस झाडा-झुडपांचे चार वर्ग पाडलेले आहेत आणि दुसऱ्याच्या जागेतलं झाड तोडल्यास वर्गानुसार दंड सांगितला आहे. ओक, हेझल, हॉली हे उमराव. आर्ब्युटस तिसऱ्या वर्गात. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून किलार्नीची रानं तुटली, त्यात आर्ब्युटसही गेला. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांची वर्दळ वाढली, १८५३ मध्ये रेल्वेही आली, आणि गावातले सुतार याच्या गुलाबी छटेच्या लाकडाची टेबलं, पेट्या, लिहायची मेजं करून त्यांवर मक्रॉस मठाची आणि नेच्यांच्या पानांची जडावाची चित्रं काढत. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे मक्रॉस हाऊसमध्ये राहून गेली. त्या घरात आज किलार्नीचं हे लाकूडकाम पाहायला मिळतं, आणि ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

मी मात्र तिथे गेले होते ते झाडं कुठे उभी आहेत हे पाहायला. ओकच्या दाट रानात आत शिरलं की आर्ब्युटस जवळजवळ संपतो. तो असतो कडेला: तळ्याच्या काठावर, बेटांवर, खडकाच्या कपारीत, जिथे एका बाजूने तरी उघडा उजेड मिळतो. ओक वाढून वर छत धरू लागला की खालचा आर्ब्युटस उजेडाकडे वाकत जातो, त्याचं खोड पिळवटतं आणि शेवटी तो मरतो. दुसरी गोष्ट खडकाची. किलार्नीत सखल भागात चुनखडी आहे, डोंगराकडे तांबडा वालुकाश्म. आर्ब्युटस दोन्हींवर आहे. त्याच्या कुळातल्या बहुतेकांना चुना मुळीच चालत नाही. अझेलियाची पानं चुनखडीच्या जमिनीत पिवळी पडतात. याला चालतो. मातीचा प्रकार त्याच्या लेखी दुय्यम, पाणी साचता कामा नये हे पहिलं. पाऊस कितीही पडो, खडकावरून तो वाहून जातो. आणि तिसरं म्हणजे तळं. एवढं पाणी जवळ असलं की कडाक्याचा गारठा जरा बोथट होतो. अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे या किनाऱ्यावर जानेवारीचं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं आणि जुलैचं पंधरा-सोळा. हिवाळा सौम्य, उन्हाळा नावापुरता.

किलार्नीत आर्ब्युटसचा एक भाऊबंद त्याच्या मुळावर उठला आहे. ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम हे जांभळ्या फुलांचं झुडूप इथल्या जमीनदारांनी बागांच्या शोभेसाठी लावलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये माजलेल्या या झुडपाचं मूळही मुख्यतः स्पेनमध्येच सापडतं. एकाच कुळातली दोन झाडं साधारण एकाच मुलखातून आली. ऱ्होडोडेंड्रॉन असंख्य बारीक बिया वाऱ्यावर सोडतो, सावलीतही रुजतो, त्याची विषारी पानं हरणं खात नाहीत, आणि त्याच्या खाली दुसरं काही उगवत नाही. आर्ब्युटसची रोपं हरणं कुरतडतात. ती तगतात ती बहुतेक हरणांचं तोंड पोचत नाही अशा कड्यांवर आणि बेटांवर. ओकच्या जुन्या रानांतून ऱ्होडोडेंड्रॉन उपटायचं काम इथे दशकानुदशकं चालू आहे. मे-जूनमध्ये त्या जांभळ्या फुलांचे फोटो काढणाऱ्या प्रवाशांना हे माहीत नसतं. बागेत काय लावायचं हा प्रश्न खाजगी राहत नाही, याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता परसातलं सांगते. किलार्नीत दिसलेलं सगळं इथे उपयोगी पडतं.

जागा ठरवणं हेच या झाडाचं निम्म्याहून जास्त काम आहे, आणि त्यावर घाई करू नये. ऊन हवं, निदान अर्धा दिवस. उत्तर आणि पूर्वेकडून येणारा कोरडा, गार वारा अडवायला भिंत, कुंपण किंवा दुसरं सदाहरित झाड हवं. समुद्रावरचा खारा वारा तो बऱ्यापैकी सोसतो. नैऋत्येचा वारा इथे नित्याचाच. १६ ऑक्टोबर २०१७ ला ओफेलिया वादळ कॉर्कवरून गेलं तेव्हा मोठमोठी बीच आणि ओकची झाडं मुळासकट आडवी झाली आणि खाऱ्या वाऱ्याने कितीतरी बागांची पानं करपली. तरी अशा किनाऱ्यालाही आर्ब्युटस नांदतो. त्याला खरा धोका बारक्या वयात थंडीचा. मोठं झालेलं झाड उणे दहा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही तग धरतं. डिसेंबर २०१० मध्ये मेयो परगण्यात उणे साडेसतरा अंशांची नोंद झाली, तेव्हा इथल्या बागांतून कॉर्डिलाइन आणि फॉर्मियम यांसारखी नाजूक झाडं सरसकट गेली. आर्ब्युटसला अशा वर्षात वरचा शेंडा जळला तरी बुडातून फुटवा येतो. जमिनीलगत त्याला गाठीसारखा बुडखा असतो आणि त्यात झोपलेले डोळे असतात. भूमध्य समुद्राकाठी वणवे नेहमीचे. वरचं सगळं जळून गेल्यावर ते डोळे उठतात. तिकडे आगीसाठी झालेली सोय इकडे हिमासाठी कामाला येते.

फुटपाथ, पायऱ्या आणि गाडी उभी करायची जागा यांच्यापासून मात्र त्याला दूर ठेवावं. पिकलेली फळं गळतात, फुटतात आणि फरशी निसरडी करतात. लावल्यावर चुकीची जागा उमगली तर झाड हलवता येत नाही. मुळं दुखावली की ते रुसतं, आणि वय जितकं जास्त तितका परिणाम वाईट. याच कारणाने मी मोठं, महागडं झाड विकत घेण्याच्या विरोधात आहे. दोन-तीन लिटरच्या कुंडीतलं गुडघाभर उंचीचं रोप घ्यावं. ते लवकर रुजतं आणि काही वर्षांत महागड्या झाडाच्या बरोबरीला येतं.

थंड भागात लावणी वसंतात करावी, म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी मुळांना अख्खा उन्हाळा मिळतो. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. खोल गाडलेलं खोड कुजतं. मुळांचा गड्डा सोडवायचा नाही, झटकायचा नाही, तसाच अलगद ठेवायचा. चिकणमाती असेल तर खड्ड्यात नुसती वाळू ओतून उपयोग होत नाही, उलट त्या खड्ड्याचं डबकं होतं. तिथे माती उंच करून उंचवट्यावर लावावं. वर पालापाचोळ्याचं किंवा कुजलेल्या सालीचं आच्छादन द्यावं, खोडाला न टेकवता. पहिले दोन उन्हाळे कोरडे गेले तर पाणी द्यावं. खत जवळजवळ नको. नत्र जास्त झालं तर लुसलुशीत फांद्या सुटतात आणि पहिल्याच हिमात काळ्या पडतात. पहिल्या हिवाळ्यांत कडक थंडीच्या रात्री त्यावर बागकामाचं पातळ पांढरं कापड टाकावं आणि सकाळी काढावं.

त्यानंतर झाडाला आपल्या हाताची फारशी गरज उरत नाही, आणि उत्साही माणसाला हेच अवघड जातं. छाटणी म्हणजे वसंत संपताना मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढणं, एवढीच. झुडपासारखं बुडापासून वाढू द्यायचं की खालच्या फांद्या काढून खोड मोकळं करायचं, हे लवकर ठरवावं. मी मोकळ्या खोडाच्या बाजूची. आर्ब्युटसची साल तांबूस-तपकिरी असते, पातळ पट्ट्यांनी सुटते, आणि पावसात भिजली की रंग उठून येतो. इथे पाऊस वर्षभर असल्यामुळे हे दर्शन वारंवार घडतं.

ओल्या हिवाळ्यात पानांवर जांभळट कडेचे तपकिरी ठिपके येतात. ही बुरशी आहे. दिसायला वाईट, पण झाडाला क्वचितच भारी पडते. पडलेली पानं झाडून घ्यावीत, फवारणीच्या नादी लागू नये. सदाहरित झाड असलं तरी उन्हाळ्यात जुनी पानं पिवळी होऊन गळतात. नव्याने लावणारे घाबरतात आणि पाणी घालत सुटतात. घालू नये.

जात निवडताना जागेचा विचार करावा. मूळ रानजात सावकाश का होईना, सात-आठ मीटरपर्यंत जाते आणि तेवढीच पसरते. लहान परसाला कॉम्पॅक्टा बरी; कुंडीत ठेवायचं असेल तर एल्फिन किंग, ती छोटी असतानाच फुलते. रुब्राची फुलं गडद गुलाबी. साल हवी असेल तर ग्रीसकडच्या आर्ब्युटसशी झालेला संकर, आर्ब्युटस अँड्राक्नॉइडीस. त्याचं खोड दालचिनीच्या रंगाचं. मला स्वतःला पांढऱ्या फुलांची साधी रानजातच आवडते. फळंही तिलाच चांगली धरतात असा माझा अनुभव. फळासाठी दुसरं झाड लागत नाही, एकट्यालाही फळ येतं.

पहिलं फूल दिसायला काही वर्षं जातात. पहिल्या फुलानंतर पहिलं फळ यायला आणखी एक. फूल पडून गेलं की जागेवर हिरवा मणी राहतो. अख्खा हिवाळा तो तेवढाच असतो. जून-जुलैत फुगायला लागतो, सप्टेंबरात पिवळा पडतो. उन्हाळा फारच गार गेला तर फळ लाल होईतो डिसेंबर उजाडतो आणि गोडी कमी भरते. हे थंड मुलखाचं गणित आहे, त्याला इलाज नाही.

फुलांना मधाचा मंद वास असतो. त्यांच्यातला पराग सहज सांडत नाही. परागकोशांना टोकाशी छिद्रं असतात आणि बंबलबी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा पराग त्या छिद्रांतून बाहेर पडतो. आपल्या टोमॅटो-वांग्याच्या फुलांतही पराग असाच सुटतो. मधमाश्या दहा अंशांखाली सहसा पोळ्याबाहेर पडत नाहीत. केसाळ, थोराड बंबलबी त्याहून गार हवेतही उडते. एरवी या माश्यांची वसाहत शरदात संपते आणि नव्या राण्या जमिनीत झोपी जातात. पण बफ-टेल्ड नावाच्या जातीच्या काही राण्या आता दक्षिण इंग्लंडमध्ये न झोपता भर हिवाळ्यात नवी वसाहत मांडतात. लंडनमधल्या अशा माश्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जगतात त्या बागांतल्या हिवाळी फुलांवर. रानात या दिवसांत आयव्हीशिवाय फारसं काही फुललेलं नसतं. मग महोनिया आणि आर्ब्युटस ही ‘शोभेची’ झाडंच त्यांचं अन्नछत्र होतात. उत्तरेकडून, आइसलंड आणि स्कँडिनेव्हियातून, रेडविंग नावाचे थ्रश याच सुमारास इथे येतात. इथलेच काळे ब्लॅकबर्ड आर्ब्युटसच्या फळांना आधीपासून लागलेले असतात. आत्याला मी हेच सांगितलं: खायला आपण तिसऱ्या पंगतीला.

तिसऱ्या पंगतीलाही पुरेसं उरतं. झाडाखाली चादर पसरून फांदी हलकेच हलवली की पिकलेली तेवढीच पडतात. थोड्या पाण्यात शिजवून पुरणाच्या बारीक चाळणीतून घासून काढली की दाणे आणि बिया वर राहतात, खाली दाट केशरी गर उतरतो. आंबटपणा कमी म्हणून लिंबाचा रस हवाच, सढळ हाताने. गराच्या पाऊणपट साखर घालून आटवला की साखरांबा होतो. मी त्यात वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालते. इथल्या मराठी घरांच्या फराळात शंकरपाळ्यांबरोबर तो संपतो. आत्याने पुढचा प्रश्न विचारलाच: “महाबळेश्वरात येईल का गं?” मी नको म्हटलं. कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा हा या झाडाच्या अंगवळणी पडलेला क्रम. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठीवर येतो आणि महाबळेश्वरी तर महिनोन्‌महिने मुळं पाण्यात राहतील. शिवाय ऱ्होडोडेंड्रॉनने किलार्नीत काय केलं ते पाहिल्यावर सह्याद्रीत परदेशी झाड हौसेनं न्यावं असं मला वाटत नाही. तिथे करवंद, तोरण आणि आळू आहेत, आणि त्यांनाच पुरेसे लावणारे हात मिळत नाहीत.

इथे आयर्लंडमध्येही एक गोष्ट मला टोचते. बागांसाठीची झाडं मोठ्या प्रमाणावर युरोप खंडातून येतात. भूमध्य समुद्राकाठी वाढवलेलं रोप इथे तगतंही, पण कुंडीच्या मातीतून किडी आणि रोग येण्याची भीती असते, आणि केरी-कॉर्कसारख्या भागात, जिथे रानटी आर्ब्युटस जवळच आहे, तिथे बागेतल्या परक्या झाडाचा पराग आणि पाखरांनी नेलेलं बी रानापर्यंत जाऊ शकतं. चार हजार वर्षं या गारठ्यात आणि ओलीत टिकलेला वंश पातळ होऊ नये, एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे? म्हणून या भागात राहणाऱ्यांनी नर्सरीत विचारावं, की बी कुठलं. राष्ट्रीय उद्यानातून फळं-बिया गोळा करायच्या नसतातच. पण जुन्या गावांत, चर्चच्या आवारांत, पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरांच्या अंगणांत स्थानिक बियांपासून वाढलेली झाडं आहेत, आणि विचारलं तर लोक आनंदाने मूठभर फळं देतात.

बी काढायला फळ पाण्यात कुस्करून गर धुऊन टाकावा, कारण गरासकट पेरलेलं बी बुरशीने जातं. स्वच्छ झालेलं बी ओलसर वाळूत मिसळून दीड-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवावं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूमिश्रित मातीवर पसरून वरून फक्त चिमूटभर वाळू भुरभुरावी. उगवलेली रोपं केसाएवढी बारीक असतात आणि पाणी जास्त झालं की मान टाकतात. ती लवकरच, मुळं लांब व्हायच्या आत, वेगवेगळ्या कुंड्यांत न्यावीत. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी दाब कलम करावं: जमिनीलगतची फांदी वाकवून, खालच्या बाजूला साल किंचित खरवडून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. तिला मुळं सुटायला दोन वर्षंही लागू शकतात. दगड मधेच उचलून बघू नये.